निळ्या फुलांचं पातेलं

रिकामं भांडं परत करायचं नाही, हे मला कुणी पाटीवर लिहून शिकवलेलं नाही. शेजारणीकडून वाटीभर आमटी आली तर ती वाटी घासूनपुसून परत जाते, पण रिकामी जात नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी आत पडते. माझ्या आईनं हे आयुष्यभर पाळलं, मी पाळलं, आणि या सवयीपायी माझ्या मुलीची दहावीची परीक्षा बुडायची वेळ आली. तीही सौदी अरेबियात, आखाती युद्ध ऐन भरात असताना. हे सांगितलं की लोक आधी हसतात, म्हणून नीट सुरुवातीपासून सांगते.

मी तेव्हा दम्मामच्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवत होते. माझे यजमान गुरुनाथ रास तनुराच्या रिफायनरीत ऑपरेटर. अवनी, आमची एकुलती एक, दहावीत. तिच्याच वर्गातला रणजित आमच्याकडे राहून शिकत होता. त्याचे आईवडील, अहिल्या आणि विजय, हुफूफच्या सरकारी दवाखान्यात होते. ती नर्स, तो एक्स-रे विभागात. हुफूफहून रोज दम्मामला ये-जा करणं पोराला झेपणारं नव्हतं, म्हणून तो आमच्या घरचा झाला. खायचाही घरच्यासारखाच.

जानेवारीत क्षेपणास्त्रं यायला लागली आणि शाळा बंद झाल्या. रिफायनरी काही बंद ठेवता येत नाही. पुरुषांनी कामावर राहायचं आणि बायकामुलांनी सुरक्षित जागी जायचं, असं ठरलं. ओळखीची निम्मी घरं भारतात गेली. आम्हाला जाता येत नव्हतं, कारण मुलांचे परीक्षेचे फॉर्म इथल्या केंद्रातून भरलेले होते. गावी जाऊन बसलो असतो तर दोघांचं वर्ष पाण्यात गेलं असतं. अवनीनं तर जाहीरच केलं, "बॉम्ब पडला तरी चालेल, आय ॲम नॉट रिपीटिंग टेन्थ." वेडं कार्टं.

अहिल्येचा फोन आला. "विभाताई, पोरांना घेऊन इकडे या. क्वार्टरमध्ये जागा नाही, पण मी सोय केलीय."

सोय म्हणजे एक खजुराची बाग होती. हुफूफच्या बाहेर अबू सालेह नावाच्या गृहस्थांची ही बाग. त्यांच्या बायकोचं, उम्म सालेहचं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा अहिल्येनं तिची मनापासून सेवा केली होती. त्याची आठवण ठेवून त्यांनी फाटकाजवळची पाहुण्यांची खोली आम्हाला उघडून दिली. जाड गालिचा, भिंतीला टेकलेले लोड, बाजूला छोटं स्वयंपाकघर. विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांना विजयभाऊंनी प्लॅस्टिक लावून चिकटपट्ट्या मारून दिल्या. भाड्याचं बोलणं गुरुनाथनी काढलं तेव्हा अबू सालेहनी छातीवर हात ठेवला आणि खजुरांकडे बघत राहिले. ते फार भिडस्त गृहस्थ होते. आमच्या बाजूला यायचं असलं की भिंतीपलीकडून आधी मोठ्यांदा खोकायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, दमेकरी आहेत.

पहिल्याच संध्याकाळी त्यांची मुलगी नूरा पातेलं घेऊन आली. एनॅमलचं, झाकणाचं, वर निळी फुलं काढलेली. आत कोंबडी घातलेला भात होता, आणि तो भात लाल होता. मी झाकण उघडून बघतच राहिले. हुफूफच्या मळ्यांत हा तांदूळ पिकतो, हसावी म्हणतात त्याला. मी कोकणातली, लाल तांदळाच्या पेजेवर वाढलेली. वाळवंटात येऊन इतकी वर्षं झाली होती आणि असा भात इथे आहे याचा मला पत्ता नव्हता. पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. अवनीला वाटलं, मिरची लागली.

दुसऱ्या दिवशी पातेलं घासलं, पुसलं, शिरा करून त्यात भरला आणि नूराच्या हाती परत दिलं. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

विषय संपला नाही. संध्याकाळी पातेलं आलं तेव्हा त्यात मटण होतं. मी बेसनाचे लाडू पाठवले. मग तिळाबरोबर कुटलेला खजूर आला, मी पुरणपोळ्या पाठवल्या. मग बोकडाची एक अख्खी रान, म्हणजे मांडी, भाजून आली. रणजितनं बोटं चाटत विचारलं, "मॅडम, उद्या काय पाठवणार? ही तर आर्म्स रेस आहे." पोर टवाळ होतं, पण खोटं बोलत नव्हतं. युद्धामुळे दुकानांतला माल आटत चालला होता. दम्मामहून आणलेलं बेसन तळाला लागलं, साखर जपून वापरावी लागत होती, तरी मी हट्टाला पेटले होते. मिंधेपणा मला सोसत नाही. दुसऱ्याच्या छताखाली राहतो आहोत, निदान भांड्याच्या बाबतीत तरी मान खाली घालायची नाही, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं.

खफजीची लढाई झाली त्या दिवसाची गोष्ट सांगते. उम्म सालेहचा मोठा मुलगा सालेह सैन्यात होता, उत्तरेच्या सरहद्दीवर. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या आणि त्यांच्या घरातून आवाज म्हणून येत नव्हता. मी मुलांना म्हटलं, आज आपण आपलं करून खाऊ, त्यांना त्रास नको. पण ठरल्या वेळेला पातेलं आलंच. आत नुसता भात आणि ताक होतं. त्या बाईचा मुलगा तोफांसमोर उभा होता आणि तिनं आमची पोरं उपाशी राहतील म्हणून चूल पेटवली होती. आणि मी काय केलं? लोक नारळ फोडतात तसं मी ठेवणीतलं शेवटचं बेसन फोडलं आणि दुसऱ्या सकाळी पातेलं भरून परत पाठवलं. सालेह सुखरूप असल्याचा निरोप त्याच दिवशी आला, तो ऐकून मी त्यांच्या देवाला आणि आमच्या गणपतीला एकदमच हात जोडले.

सकाळी वर्ग भरायचा. मी शाळेत भरवते तसाच, फक्त बाकांऐवजी लोड होते. आमच्या खोलीच्या आणि त्यांच्या घराच्या मध्ये एक दार होतं, त्याला जाड पडदा. नूराची शाळाही बंद होती. ती पंधराची, अवनीहून थोडी लहान, इंग्रजी शिकायची भारी हौस. तिच्या आईनं परवानगी दिली, पण खोलीत रणजित. म्हणून ती पडद्यापलीकडे बसायची आणि आम्हाला नुसता तिचा आवाज यायचा. तो आवाज वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी आहे, हे माझ्या चटकन लक्षात आलं. अवनीला सांगितलं नाही.

इतिहासाची उजळणी घ्यायची माझी एक पद्धत होती. कुठलाही धडा असो, चार प्रश्न. का आले? कशातून आले? काय खाल्लं? कुणाशी भांडले? एवढं आलं की पन्नास टक्के हातात. शाळेत मुलं माझ्या पाठीमागे मला चारप्रश्नी म्हणत, ते मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीच्या मध्याला एका शुक्रवारी विजयभाऊ आले ते चेहरा पाडूनच. दम्मामला परीक्षा होणार नव्हती. आमच्या मुलांना जेद्दाचं केंद्र दिलं होतं, अल अझीझिया भागातल्या एका शाळेत. म्हणजे या टोकाहून त्या टोकाला, अख्खा देश ओलांडून. विमानं बंद. विजयभाऊंची आणि अहिल्येची रजा रद्द झालेली, दवाखान्यातल्या कुणालाच हलता येत नव्हतं. गुरुनाथना फोन लावला. ते म्हणाले, "विभा, कंपनीचं प्रवासाचं पत्र मी मिळवून देतो. पण माणूस कुठून आणू? मला सोडत नाहीत गं." त्यांचा आवाज एवढा उतरलेला मी कधी ऐकला नव्हता.

पुरुषाशिवाय एकट्या बाईला दोन मुलं घेऊन बसमध्ये कोण बसू देणार? मी तरी चौकशी केली. बसवाल्यानं माझ्याशी न बोलता विजयभाऊंनाच विचारलं, "कफील कोण, हमी कुणाची? बरोबर कोण?" आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. रियाधला कुणी ओळखीचं जेद्दाकडे जातंय का, ते विचारून झालं. जाणारे जाऊन चुकले होते.

"आई, अबू सालेह अंकलकडे एवढी मोठी गाडी आहे," अवनी म्हणाली.

"त्यांना काही सांगायचं नाही. आधीच डोक्यावर बसलोय त्यांच्या."

"विचारायला काय जातं?"

"नाही म्हटलं ना."

तेव्हा ती जे बोलली ते मला अजून ऐकू येतं. नेहमी इंग्रजीत भांडणारी पोर त्या दिवशी स्वच्छ मराठीत बोलली. "तू विचारणार नाहीस, कारण जेद्दापर्यंतच्या पेट्रोलच्या बदल्यात पाठवायला तुझ्याकडे बेसन उरलं नाही. तुझ्या मानासाठी माझं वर्ष जाणार." आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसली. रणजित पुस्तकं आवरून ठेवायला लागला, तेच जास्त लागलं. त्याचंही वर्ष जाणारच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरला, पण मुलांच्या मनात एकच होतं, कशाला शिकायचं? मी हट्टानं पुस्तक उघडलं. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहती. अवनीला त्या तेरा वसाहतींची नावं कधी पाठ झाली नाहीत, म्हणून तोच धडा काढला. माणूस चिडलं की असंच करतं.

"का आले?"

"काही धर्माच्या छळामुळे. काही सोनं मिळेल म्हणून. काही जमिनीसाठी," अवनी पुटपुटली.

"कशातून आले?"

"व्हर्जिनियावाले आधी, तीन जहाजांतून. मग मेफ्लॉवर," रणजित.

"काय खाल्लं?"

"पहिल्या हिवाळ्यात? काही नाही, मॅडम. निम्मे मेले. मग तिथल्या मूळ लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवला. बियाण्याबरोबर मासा पुरायचा, खत म्हणून."

आमच्याकडे माडाच्या बुंध्याशी मासळीचं खत घालतात, ते मी सांगितलं. एरवी अशा गोष्टीनं वर्ग जरा खुलतो. त्या दिवशी खुलला नाही.

"कुणाशी भांडले?"

"आधी त्याच लोकांशी. नंतर इंग्लंडच्या राजाशी. करावरून, चहावरून."

"छान. झाला धडा," मी म्हटलं.

पडद्यामागून आवाज आला. "टीचर, एक प्रश्न राहिला. त्या लोकांनी यांना मका दिला. मग यांनी त्यांना परत काय पाठवलं?"

मी म्हटलं, "पीक आल्यावर सगळे मिळून जेवले. देवाचे आभार मानले."

"देवाचे मानले ते बरंच केलं. पण त्या लोकांना काय दिलं?"

पुस्तकात त्यावर अर्धी ओळ होती. मी ती वाचायला लागले, तोवर रणजित बोलून गेला, "काही नाही दिलं. त्यांच्या जमिनी घेतल्या."

मग नूरा म्हणाली, "म्हणजे त्यांनी भांडंच ठेवून घेतलं. आणि टीचर, तुम्ही भांडं थांबूच देत नाही. दोन्ही वाईटच ना?"

मी वर्ग सोडला. रणजितला बाहेर पिटाळलं आणि पडदा बाजूला करून नूरासमोर जाऊन बसले. म्हटलं, काय म्हणालीस ते नीट सांग.

ती बिचारी घाबरली. हातातल्या वहीशी चाळा करत म्हणाली, "आईनं विचारायला सांगितलं होतं, पण गोड शब्दांत विचार म्हणाली होती. मला गोड शब्द सापडत नव्हते. आई विचारते, आमचं जेवण तुम्हाला आवडत नाही का? आम्ही कमी पाठवतो का?"

"अगं, आवडतं म्हणजे काय! म्हणून तर परत भरून पाठवते."

"शेजारी भरून पाठवतात, टीचर. आम्हीही शेजाऱ्यांना पाठवतो. पण तुम्ही शेजारी नाही, तुम्ही पाहुण्या आहात. पाहुण्यानं सकाळी उठून यजमानाला जेवण पाठवलं, तर यजमानाला काय वाटेल? की याला माझ्या घरी राहायचं नाही. आई रोज जास्त करून पाठवते, म्हणजे आज तरी तुम्ही पाहुण्या व्हाल. तुम्ही होतच नाही. बाबांना कळलंय तुमच्या परीक्षेचं. अहिल्यासिस्टर आईशी बोलली. पण बाबा म्हणतात, ज्या बाई आपला भातसुद्धा ठेवून घेत नाहीत, त्यांना मी गाडीत कसा बसवू? त्यांचा अपमान होईल."

मी गालिच्यावर बसूनच राहिले. एवढे दिवस मला वाटत होतं, मी मोठी मानी, आणि ते लोक श्रीमंत म्हणून पाठवतात. आणि इकडे ती बाई दररोज पातेल्याचं झाकण उघडून आमचे लाडू बघत होती आणि खट्टू होत होती. माझी लाज मला लपवता येईना. हसूही आलं. हुफूफमध्ये साखरेचा तुटवडा पडला त्याला थोडीफार मीच जबाबदार होते.

पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं. ते उचललं. हात सवयीनं फडताळाकडे गेला. फडताळात थोडा रवा होता, चार वेलदोडे होते, एखादी वाटी शिरा सहज झाला असता. खोटं कशाला सांगू, मी वेलदोडे हातात घेतलेसुद्धा. मग ते परत ठेवले, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि रिकामं पातेलं घेऊन मी स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. अंगणातली ती चार पावलं चालताना आपण कपडे घालायला विसरलो आहोत की काय, असं मला वाटत होतं.

उम्म सालेह तांदूळ निवडत होती. दणकट बांध्याची बाई, हातावर मेंदी, पायाशी मांजर. मी पातेलं तिच्यासमोर ठेवलं. तिनं मला बसायची खूण केली आणि झाकण उचललं. आत बघितलं. मग पातेलं कलतं करून परत बघितलं, तळाशी काही चिकटलंय का म्हणून.

माझं अरबी बाजारापुरतं. तेवढ्यावर भागवलं. "खलास," मी म्हटलं. "बेसन खलास. साखर खलास. मी खलास. मला मदत पाहिजे. मुलांना जेद्दाला न्यायचंय." आणि पुढचं मला कुठल्याच भाषेत बोलता येईना.

तिनं तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि माझा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला. काहीतरी भरभर बोलली. नूरा दारात उभी होती, तिनं सांगितलं, "आई म्हणते, आता आलीस तू आमच्या घरी."

इतके दिवस मी फाटकाजवळ राहत होते, हे खरंच होतं.

भिंतीपलीकडून मोठा खोकला आला. अबू सालेह आतच होते, सगळं ऐकत. त्यांनी तिथूनच नूराला काही सांगितलं आणि नूरानं ते ओठ दाबून मला सांगितलं. "बाबा म्हणतात, आम्ही उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला जाणारच होतो. सालेहसाठी नवस आहे. जेद्दा वाटेवरच आहे. तुम्ही बरोबर आलात तर आईला सोबत होईल."

जेद्दा काही मक्केच्या वाटेवर नाही, पुढे आहे, एवढा भूगोल मलाही येत होता. आणि उमऱ्याचं त्यांनी त्याच घटकेला ठरवलं होतं, हे नूराच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "हो, सोबत होईल." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा चांगुलपणा मुकाट्यानं घेतला. घशाखाली उतरायला जड गेला, पण उतरला.

गुरुनाथनी कंपनीचं पत्र आणि आमचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, एका सहकाऱ्याबरोबर पाठवले. निघालो तेव्हा विजयभाऊ आणि अहिल्या फाटकाशी उभे होते. अहिल्या रडत होती आणि रणजितला सांगत होती, सप्लिमेंट घेतलीस तर नंबर टाकायला विसरू नकोस. अबू सालेह आणि रणजित पुढे, आम्ही बायका मागे. चौकीचौकीवर शिपाई आत वाकून बघायचे, अबू सालेह आरशातसुद्धा मागे न बघता सांगायचे, "माझं कुटुंब आहे, माझे पाहुणे आहेत." तेवढ्यावर गाडी सुटायची. एकटीनं निघाले असते तर पहिल्या चौकीवरून परत आले असते. वाटेत त्यांच्या बहिणीकडे मुक्काम केला. नूरा आणि अवनी मागच्या बाकावर तेरा वसाहतींची नावं गाण्याच्या चालीवर म्हणत होत्या. न्यू हॅम्पशायरपासून जॉर्जियापर्यंत ती नावं उम्म सालेहलाही पाठ झाली असणार. मक्केत मुसलमान नसलेल्यांना जाता येत नाही, म्हणून मक्केच्या आधी रस्ता दुभागतो, तिथे त्यांनी मक्केचा रस्ता सोडला आणि आमच्यासाठी लांबच्या रस्त्यानं गाडी घेतली. देवाच्या दारापर्यंत येऊन ते आमच्यासाठी वळले. मी खिडकीबाहेर बघत बसले होते, कारण डोळे पुसायची सोय नव्हती, उम्म सालेहनं लगेच विचारलं असतं.

जेद्दात मीनाक्षी नावाची माझी मैत्रीण अल अझीझियात राहायची, तिथल्याच शाळेत शिकवायची. तिच्याकडे आमची व्यवस्था होती. गाडीचा आवाज ऐकून ती खाली आली ती हातात लाडवांचा डबा घेऊनच. उम्म सालेहनं गाडीतून एक गाठोडं काढलं. सोडलं तर आत निळ्या फुलांचं पातेलं, आणि पातेल्यात काठोकाठ हसावी तांदूळ. कच्चा. "परीक्षेच्या दिवशी सकाळी मुलांना करून घाल," नूरानं आईचं म्हणणं सांगितलं. "पोट भरलेलं असलं की डोकं चालतं."

मी पातेलं घेतलं. मीनाक्षी शेजारी लाडवांचा डबा घेऊन उभी. तांदूळ पिशवीत ओतायचे, पातेल्यात लाडू भरायचे आणि द्यायचं, चुटकीसरशी झालं असतं. मीनाक्षीनं डब्याचं झाकणही उघडलं, तीही शेवटी माझ्यासारखीच वाढलेली. मी तिचा हात धरून झाकण परत लावलं.

"शुक्रन," मी उम्म सालेहला म्हटलं. "पातेलं मी ठेवून घेते."

नूराच्या डोळ्यांत हसू चमकलं. "टीचर, इंग्रजांसारखं?"

"हो. पण जमीन नको म्हणावं."

तिनं आईला सांगितलं. बुरख्याच्या आतून उम्म सालेह भर रस्त्यात एवढी खदखदून हसली की अबू सालेहना खोकावं लागलं. मग तिनं मला मिठी मारली. तिच्या कपड्यांना उदाचा वास होता. गाडी वळून मक्केच्या दिशेनं गेली आणि दिसेनाशी होईपर्यंत मी पातेलं कडेवर घेऊन उभी होते.

त्याच आठवड्यात युद्ध थांबलं. परीक्षा ठरल्याप्रमाणे झाली. प्रत्येक पेपरच्या सकाळी मी लाल भात केला. सामाजिक शास्त्रांच्या पेपरात अमेरिकेतल्या वसाहतींवर एक शब्द नव्हता. चीनवर प्रश्न आला, जो मी घाईघाईत उरकला होता. तरी दोघं उत्तम पास झाली. रणजित पुढे डॉक्टर झाला. अवनी अजून इंग्रजीतच भांडते. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गात प्रश्न मात्र पाच होते. पाचवा प्रश्न कुठून आला, असं मुलं विचारायची, तेव्हा मी सांगायची, हुफूफच्या एका मुलीनं पडद्यामागून विचारला. त्या मुलीची, तिच्या आईची आणि त्या खोकणाऱ्या सज्जन माणसाची आठवण आजही निघते. त्यांच्यामुळे माझ्या लेकीचं वर्ष वाचलं. मी कुणाच्या तरी घरी खरोखरची पाहुणी झाले, तीही त्यांच्यामुळेच.

परीक्षा संपवून आम्ही दम्मामला परतलो, तेव्हा गुरुनाथ दारातच उभे होते. वाळले होते, दाढी वाढलेली. अवनीला त्यांनी किती तरी वेळ जवळ धरून ठेवलं. मग मी सामान लावायला घेतलं आणि त्यांनी ओट्यावरचं पातेलं बघितलं.

"हे कुणाचं गं? उम्म सालेहचं ना? द्यायचं राहिलं?"

"राहिलं नाही. ठेवून घेतलंय."

"भांडं? तू?"

"हो."

लग्नाला सतरा वर्षं झालेला तो माणूस चहाचा कप खाली ठेवून उठला आणि त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाही," मी म्हटलं. "तळाला दोन मुठी तांदूळ राहिलाय. हातपाय धुऊन या, शिजवून वाढते."